जुन्या संगणकावरचे नको असलेले फोल्डर डिलीट होत नसेल तर

लक्षणे पुढीलप्रमाणे असतात. फोल्डर निवडून डिलीटची कळ दाबली की «हे फोल्डर दुसऱ्या व्यक्तीकडून किंवा प्रोग्रॅमकडून वापरले जात आहे» अशा अर्थाचा इंग्रजी संदेश येतो. काही वेळा «ॲक्सेस इज डिनाइड» एवढेच दिसते. काही वेळा मूळ फाइल किंवा डिस्क वाचता येत नाही, असे संगणक सांगतो. विंडोज ७ वर कधीकधी फोल्डर डोळ्यांसमोर असतानाही ते सापडत नसल्याचा संदेश येतो, तर कधी फाइलचे नाव प्रमाणापेक्षा मोठे असल्याची तक्रार होते. सर्वांत फसवे लक्षण वेगळेच आहे. फोल्डर निमूटपणे नाहीसे होते आणि संगणक पुन्हा सुरू केल्यावर, किंवा पेन ड्राइव्ह काढून पुन्हा लावल्यावर, आपल्या जागी परत दिसते.

परभणी, हिंगोली, नांदेड या भागांतील झेरॉक्स सेंटर, फोटो स्टुडिओ, शाळांच्या संगणक कक्षा आणि मोंढ्यातील आडत दुकाने येथे विंडोज एक्सपी व विंडोज ७ असलेले संगणक आजही रोजच्या कामाला आहेत. मायक्रोसॉफ्टने एक्सपीला सुरक्षा अपडेट देणे ८ एप्रिल २०१४ रोजी आणि विंडोज ७ ला १४ जानेवारी २०२० रोजी थांबवले. पण प्रिंटर, काटा किंवा हिशेबाचे जुने सॉफ्टवेअर त्याच संगणकावर चालत असल्यामुळे मालक तो बदलत नाहीत, आणि त्यात गैर काही नाही. या संगणकांच्या डिस्क लहान असतात. पीक विम्याच्या दिवसांत सातबारा व आठ-अ चे स्कॅन साठत जातात, जागा संपते, आणि मग जुनी फोल्डरे काढायला बसल्यावर हा दोष समोर येतो. हा दोष मी वारंवार दुरुस्त करत आलो आहे. माझा आग्रह एवढाच आहे की जबरदस्तीने डिलीट करणारे छोटे सॉफ्टवेअर सर्वांत आधी उतरवून घेऊ नये. संगणक नकार देताना बहुतेक वेळा त्याचे कारणही सांगत असतो. ते कारण समजले तर दहापैकी बऱ्याच प्रसंगी अशा सॉफ्टवेअरची गरजच पडत नाही, आणि गरज पडलीच तर ते कोठे वापरू नये हेही कळते.

एक सूचना आधीच देतो. पुढे काही आज्ञा उच्चारानुसार देवनागरीत लिहिल्या आहेत, मात्र संगणकावर त्या इंग्रजी अक्षरांतच टंकाव्यात. कमांड प्रॉम्प्टमधून, म्हणजे आज्ञा टंकण्याच्या काळ्या खिडकीतून, किंवा शिफ्ट-डिलीटने काढलेले फोल्डर रिसायकल बिनमध्ये जात नाही, ते थेट नाहीसे होते. म्हणून आज्ञा देण्यापूर्वी मार्ग, म्हणजे ड्राइव्हच्या अक्षरापासून फोल्डरपर्यंतचा पूर्ण पत्ता, मोठ्याने वाचून खात्री करून घ्यावी.

फोल्डर खरोखर नको असलेलेच आहे का

ही तपासणी फुकट आहे आणि नेमकी हीच टाळली जाते. पेन ड्राइव्हवर नाव नसलेले, म्हणजे नावाच्या जागी फक्त मोकळी जागा दिसणारे फोल्डर असेल, तर त्याला हात लावण्यापूर्वी आत पाहावे. झेरॉक्स सेंटरांतून फिरणाऱ्या पेन ड्राइव्हवर शॉर्टकट तयार करणारा जो व्हायरस असतो, त्याच्या काही प्रकारांत मालकाच्या सगळ्या फाइली अशाच बिननावाच्या फोल्डरमध्ये हलवलेल्या असतात आणि बाहेर फक्त खोटे शॉर्टकट उरतात. अशा वेळी काढायचे असतात ते शॉर्टकट. ते फोल्डर म्हणजेच आपला मजकूर असतो. याच्या उलट, ऑटोरन-डॉट-आयएनएफ या नावाचे फोल्डर पेन ड्राइव्हवर असेल आणि काही केल्या निघत नसेल, तर बहुधा ते एखाद्या संरक्षक सॉफ्टवेअरने मुद्दाम न निघेल असे बनवलेले असते. त्या नावाची जागा आधीच अडवून ठेवली म्हणजे व्हायरसला तेथे आपली फाइल ठेवता येत नाही, हा त्यामागचा हेतू असतो. ते तसेच राहू द्यावे.

डी ड्राइव्हवर इंग्रजी अक्षरे व अंक यांची लांबलचक, अर्थहीन नावे असलेली फोल्डरे दिसली तर घाबरू नये. विंडोजचे अपडेट बसवताना ज्या ड्राइव्हवर सर्वाधिक मोकळी जागा असते तेथे अशी तात्पुरती फोल्डरे तयार होतात आणि काही वेळा ती तशीच मागे राहून जातात. ती काढता येतात, फक्त त्यांच्यावर परवानगीचे बंधन असते. फाउंड-डॉट-०००  हे फोल्डर डिस्क तपासणीने सापडलेल्या तुकड्यांचे असते, तेही आत पाहून काढता येते. मात्र सी ड्राइव्हवरील विंडोज फोल्डर, त्यातील विनएसएक्सएस आणि सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशन यांतील काहीही हाताने काढू नये. विंडोज-डॉट-ओल्ड हे जुने फोल्डर काढायचे असल्यास डिस्क क्लीनअप या विंडोजमधील सोयीतूनच काढावे.

सर्व प्रोग्रॅम बंद करणे आणि संगणक पुन्हा सुरू करणे

फोल्डर वापरात असल्याचा संदेश आला तर लोक म्हणतात, «फाइल तर मी केव्हाच बंद केली.» ते खरेच बोलत असतात, पण फाइल बंद केली म्हणजे फोल्डर मोकळे झाले असे होत नाही. एखाद्या प्रोग्रॅममध्ये फाइल उघडण्याच्या चौकटीतून आपण एखाद्या फोल्डरमध्ये शिरलो की अनेक प्रोग्रॅम ते फोल्डर स्वतःचे चालू कामाचे ठिकाण म्हणून धरून ठेवतात. फाइल बंद झाली तरी प्रोग्रॅम चालू असेपर्यंत ती पकड सुटत नाही. कमांड प्रॉम्प्टची खिडकी त्या फोल्डरमध्ये उभी असेल तरी हेच घडते. म्हणून केवळ फाइल नव्हे, तर पूर्ण प्रोग्रॅम बंद करावा, आणि तेवढ्याने भागले नाही तर संगणक पुन्हा सुरू करून दुसरे काहीही न उघडता लगेच डिलीट करून पाहावे.

फोल्डर दुसऱ्या संगणकाशी शेअर केलेले असेल, तर पकड त्या दुसऱ्या संगणकाची असू शकते. शाळेच्या संगणक कक्षेत हे नेहमी घडते. कॉम्प्युटर मॅनेजमेंटमध्ये शेअर्ड फोल्डर्सखाली उघड्या फाइलींची यादी असते, ती आधी पाहावी.

फोटो स्टुडिओतील तक्रार थोडी निराळी असते. लग्नाच्या चित्रीकरणाच्या मोठ्या एव्हीआय फाइली असलेले फोल्डर एक्सपीवर निघत नाही, आणि कोणताही प्रोग्रॅम उघडा नसतो. येथे पकड खुद्द विंडोजच्या एक्सप्लोररची, म्हणजे फोल्डर व फाइली दाखवणाऱ्या प्रोग्रॅमची, असते. फाइलची लांबी व चित्र दाखवण्यासाठी तो ती फाइल आतून वाचत बसतो, आणि फाइल मोठी किंवा अर्धवट असेल तर ती सोडतच नाही. यावर उपाय सोपा आहे. एक्सप्लोररच्या सर्व खिडक्या बंद कराव्यात, कमांड प्रॉम्प्ट उघडावा, आणि आरडी ही आज्ञा, तिच्यापुढे तिरकी रेघ (/) व एस, आणि नंतर अवतरण चिन्हांत फोल्डरचा पूर्ण मार्ग असे टंकावे. तरीही नकार आला तर टास्क मॅनेजरमधून एक्सप्लोरर बंद करून तीच आज्ञा पुन्हा द्यावी. एमएस-डॉस ६ आणि विंडोज ९५-९८ च्या काळात डेलट्री नावाची छोटी सोय हेच काम करत असे. एक्सपी व त्यापुढील विंडोजमध्ये ती नाही, तिचे काम आता हीच आज्ञा करते.

विंडोज ७ असेल तर पकड कोणाची आहे हे काहीही उतरवून न घेता पाहता येते. रिसोर्स मॉनिटर उघडावा, सीपीयूच्या पानावर असोसिएटेड हँडल्स या शोधपट्टीत फोल्डरचे नाव टंकावे, म्हणजे ते धरून बसलेल्या प्रोग्रॅमचे नाव समोर येते. ही सोय फार थोड्यांना ठाऊक आहे, आणि माझ्या मते या सगळ्या तपासण्यांत सर्वांत उपयोगी हीच आहे.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक वाटते. फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये रीड-ओन्लीचा चौकोन भरलेला दिसतो, तो रिकामा केला तरी पुन्हा भरलेला दिसतो, आणि तेच डिलीट न होण्याचे कारण असावे असे समजून लोक त्याच्यामागे बराच वेळ घालवतात. फोल्डरच्या बाबतीत त्या खुणेचा डिलीट होण्याशी संबंध नाही. फोल्डरला खास चित्र किंवा मांडणी दिली आहे का, हे ओळखण्यासाठी विंडोज ती खूण वापरते.

पेन ड्राइव्ह किंवा मेमरी कार्ड असेल तर

डिस्क राइट-प्रोटेक्टेड असल्याचा संदेश आल्यास कार्डाच्या ॲडॅप्टरवरील बारीक खटका कोणत्या बाजूला आहे ते पाहावे, आणि मग तेच कार्ड दुसऱ्या संगणकावर लावून पाहावे. काढलेली फोल्डरे पुन्हा लावल्यावर परत दिसत असतील, आणि नवीन टाकलेली फाइलही टिकत नसेल, तर पेन ड्राइव्हचे आयुष्य संपत आले आहे. त्यावर कोणतेही सॉफ्टवेअर चालवू नये. जे वाचता येते ते लगेच दुसरीकडे घ्यावे आणि नवा पेन ड्राइव्ह आणावा.

लांबलचक मार्ग आणि विचित्र नावे

नाव मोठे असल्याची तक्रार मराठी नावे देणाऱ्या कार्यालयांत अधिक दिसते, आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. जुन्या विंडोजचा एक्सप्लोरर ड्राइव्हच्या अक्षरापासून फाइलच्या नावापर्यंतचा संपूर्ण मार्ग साधारण २६० अक्षरांच्या आत असावा अशी अपेक्षा धरतो. एनटीएफएस (विंडोजची फाइली साठवण्याची पद्धत) असलेल्या डिस्कवर प्रत्यक्षात त्याहून पुष्कळ लांब मार्ग राहू शकतो, त्यामुळे लांब मार्गाची फाइल तयार होऊन बसते, पण एक्सप्लोररला मात्र ती हाताळता येत नाही. आता मोजणी पाहा. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात मराठी अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत, प्रत्येक काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि पाय मोडण्याची खूण स्वतंत्र मोजली जाते. डोळ्यांना «कार्यालय» हा शब्द चार अक्षरांचा दिसतो, संगणकाच्या हिशेबी तो आठ अक्षरांचा असतो. आर्थिक वर्ष, योजनेचे पूर्ण नाव, गावाचे नाव, लाभार्थ्याचे नाव अशी फोल्डरांत फोल्डरे गेली, आणि ती सगळी मराठीत असली, की २६० ची मर्यादा फार लवकर ओलांडली जाते. डेस्कटॉपवरचे फोल्डर उचलून दुसऱ्या ठिकाणी आणखी आत ठेवल्यावरही असे होते.

यावर पैसे खर्च करण्याचे कारण नाही. वरून सुरुवात करून प्रत्येक फोल्डरचे नाव एका अक्षराचे करावे, क, ख, ग असे चालते. मार्ग आखूड होत गेला की एका टप्प्यावर संपूर्ण फोल्डर नेहमीच्या पद्धतीने निघते. वरची नावे बदलता येत नसतील तर सब्स्ट या आज्ञेने आतल्या एखाद्या फोल्डरला तात्पुरते ड्राइव्हचे अक्षर देता येते, मग मार्ग तेथूनच मोजला जातो. काम झाल्यावर ते अक्षर सब्स्टच्याच आज्ञेने, तिरकी रेघ व डी लावून, काढून टाकावे.

फोल्डर दिसते पण संगणकाला सापडत नाही, असे असेल तर त्याच्या नावाच्या शेवटी मोकळी जागा किंवा टिंब असण्याची शक्यता फार मोठी आहे. विंडोज मार्ग वाचताना शेवटची मोकळी जागा व टिंब आपोआप गाळते, त्यामुळे ती भलत्याच नावाचे फोल्डर शोधू लागते. कॉन, पीआरएन, एयूएक्स, एनयूएल, तसेच कॉम व एलपीटी यांना १ ते ९ अंक जोडून होणारी नावेही अशीच अडतात, कारण डॉसच्या काळापासून ती उपकरणांसाठी राखून ठेवलेली आहेत. दोन्ही बाबतींत आरडीच्या आज्ञेत अवतरण चिन्ह सुरू झाल्याबरोबर, ड्राइव्हच्या अक्षराआधी, \\?\ ही चार चिन्हे टंकावीत. त्यामुळे विंडोज नावाची साफसफाई न करता ते जसेच्या तसे वाचते. शेवटची मोकळी जागा असेल तर तीही अवतरण चिन्हांच्या आत टंकावी लागते. मराठी नाव कमांड प्रॉम्प्टमध्ये चौकोन किंवा प्रश्नचिन्हे बनून आले तर डीआयआर आज्ञेला तिरकी रेघ व एक्स जोडावे. आखूड नावे बनवण्याची सोय बंद केलेली नसेल तर प्रत्येक फोल्डरसमोर इंग्रजी अक्षरांतील आखूड नाव दिसते, आणि आज्ञेत तेच वापरता येते.

परवानगी नाकारली जात असेल तर

विंडोज पुन्हा बसवल्यानंतर जुन्या फोल्डरांचा मालक म्हणून जुनेच खाते नोंदलेले राहते. नवे खाते त्याच नावाचे असले तरी संगणकाच्या दृष्टीने ती व्यक्ती वेगळी असते. वर सांगितलेल्या अपडेटच्या फोल्डरांचेही तसेच आहे. म्हणून आधी मालकी घ्यावी लागते आणि मग परवानगी.

एक्सपी प्रोफेशनलवर फोल्डर ऑप्शन्समधील सिंपल फाइल शेअरिंगची खूण काढली की प्रॉपर्टीजमध्ये सिक्युरिटीचे पान दिसू लागते. एक्सपी होममध्ये ते पान फक्त सेफ मोडमध्ये, म्हणजे गरजेपुरतेच प्रोग्रॅम घेऊन सुरू होणाऱ्या विंडोजमध्येच, दिसते, त्यासाठी संगणक सुरू होताना एफ-८ दाबत राहावे. ॲडव्हान्स्डमध्ये ओनर बदलून, आतील सर्व फोल्डरांना तो लागू करून, नंतर पूर्ण परवानगी द्यावी. विंडोज ७ वर हेच काम टेकओन आणि आयकॅक्ल्स या दोन आज्ञा करतात, मात्र कमांड प्रॉम्प्ट प्रशासक म्हणून उघडलेला असला पाहिजे. मालकी फक्त त्या एका फोल्डरची घ्यावी. संपूर्ण सी ड्राइव्हची मालकी घेण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये, त्यातून विंडोजच्या स्वतःच्या फाइलींवरील संरक्षणच निघून जाते.

काढलेले फोल्डर हार्ड डिस्कवर स्वतःहून परत येत असेल तर सेफ मोडमध्ये ते काढून पाहावे, कारण तेथे बहुतेक बाहेरचे प्रोग्रॅम सुरू होत नाहीत. सेफ मोडमध्ये गेलेले फोल्डर नेहमीच्या सुरुवातीनंतर पुन्हा उगवले, तर दोष फोल्डरात नसून ते तयार करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये किंवा व्हायरसमध्ये आहे. अशा वेळी आधी त्याचा बंदोबस्त करावा.

छोटे डिलीट सॉफ्टवेअर : केव्हा आणि कसे

वरील सर्व करूनही पकड सुटत नसेल तरच या सॉफ्टवेअरकडे वळावे. ही सॉफ्टवेअरे प्रामुख्याने तीन गोष्टी करतात. कोणता प्रोग्रॅम फोल्डर धरून आहे ते दाखवतात, ती पकड बळाने तोडतात, किंवा फोल्डर काढण्याचे काम पुढच्या सुरुवातीसाठी नोंदवून ठेवतात. पहिली गोष्ट निर्धोक आहे. तिसरीही बऱ्यापैकी निर्धोक आहे, कारण संगणक सुरू होताना इतर प्रोग्रॅम जागे होण्याआधीच विंडोज ती नोंद वाचते आणि तेव्हा फोल्डर धरणारे कोणी नसते. धोका दुसऱ्या गोष्टीत आहे. प्रोग्रॅमला न कळवता त्याच्या हातातील फाइल काढून घेतली, तर तो अर्धवट लिहिलेला मजकूर सोडून कोसळू शकतो किंवा चुकीच्या ठिकाणी लिहू शकतो. आडत दुकानाच्या हिशेबाचे सॉफ्टवेअर चालू असताना पकड तोडली, तर गेलेले फोल्डर किरकोळ ठरते आणि बिघडलेली खातेवही मोठी. म्हणून पकड तोडण्याचा पर्याय सोडून पुढच्या सुरुवातीस काढण्याचा पर्याय निवडावा.

सॉफ्टवेअर निवडतानाही काळजी घ्यावी. प्रोसेस एक्सप्लोरर आणि मूव्हफाइल ही सिसइंटर्नल्सची साधने मोफत आहेत. सिसइंटर्नल्स २००६ पासून मायक्रोसॉफ्टकडे आहे, आणि ही साधने बसवावी लागत नाहीत, थेट चालतात. त्यांच्या ताज्या आवृत्त्या एक्सपीवर चालत नाहीत, त्यामुळे त्या काळची आवृत्ती शोधावी लागते. इतर मोफत सॉफ्टवेअर बसवताना प्रत्येक पान वाचावे, कारण त्यांच्याबरोबर जाहिरातींच्या पट्ट्या आणि नको असलेले प्रोग्रॅम येतात. पैसे भरल्याशिवाय डिलीट करणार नाही असे सांगणारे सॉफ्टवेअर सरळ बंद करावे.

डिस्कची तपासणी, आणि थांबण्याची जागा

फोल्डर खराब झाले असून वाचता येत नाही, असा संदेश आला तर प्रकरण वेगळे आहे. आपल्याकडे वीज अचानक जाते, जुन्या यूपीएसची बॅटरी संपलेली असते, आणि लिहिणे चालू असताना संगणक बंद पडला की फाइलींची नोंदवही अर्धवट राहते. ती दुरुस्त करण्यासाठी ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमधील टूल्सच्या पानावर त्रुटी तपासण्याची सोय आहे. सी ड्राइव्हची तपासणी पुढच्या सुरुवातीस होते. ही तपासणी सुरू करण्यापूर्वी दोन गोष्टी झालेल्याच हव्यात. महत्त्वाच्या फाइली दुसऱ्या डिस्कवर उतरवलेल्या असाव्यात, आणि विजेची खात्री असावी. तपासणी चालू असताना वीज गेली तर जे वाचण्यासारखे होते तेही जाऊ शकते. खराब भाग शोधण्याचा पर्याय निवडल्यास तासन् तास लागतात, म्हणून भारनियमनाची वेळ पाहूनच ती लावावी.

पुढील परिस्थितीत मात्र स्वतः काहीही करू नये. डिस्कमधून टक-टक असा आवाज येत असेल, एखादे फोल्डर उघडताना संगणक बराच वेळ गोठत असेल, किंवा तपासणी करूनही खराब फोल्डरांचा संदेश थोड्याच दिवसांत परत येत असेल, तर डिस्क निकामी होत आहे. अशा डिस्कवर तपासणीची आज्ञासुद्धा देऊ नये, कारण प्रत्येक वाचनाने तिची स्थिती आणखी ढासळते. संगणक बंद करावा आणि तज्ज्ञाला बोलवावे. पतसंस्था, ग्रामपंचायत, शाळा यांच्या नोंदी असलेले फोल्डर असेल आणि त्याची दुसरी प्रत नसेल, तर दोष कितीही साधा दिसला तरी तेथेच थांबावे. त्या नोंदी जपण्याची जबाबदारी संस्थेची असते, आणि त्या काढायच्या की नाहीत हा निर्णय दुरुस्ती करणाऱ्याने घ्यायचा नसतो. फोल्डरांची नावे अचानक बदलली असतील, फाइली उघडत नसतील आणि पैसे मागणारा मजकूर दिसत असेल, तर नेटवर्कची तार काढून संगणक बाजूला ठेवावा.

तज्ज्ञाला बोलावताना संदेशाचा मोबाइलवर काढलेला फोटो, फोल्डरचा पूर्ण मार्ग, विंडोज कोणते आहे आणि आतापर्यंत काय काय करून पाहिले, एवढे त्याच्यापुढे ठेवावे. दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी फाइलींची प्रत घेणार का, हे त्याला स्पष्ट विचारावे. प्रत न घेता थेट फॉरमॅट करण्याची भाषा करणाऱ्याच्या हाती संगणक देऊ नये.